बालमन विभाग, बुधवारी अकरा ते एक

८ जून, रविवार. संध्याकाळी ७.

ठाण्याहून आत्ताच परत. टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये दिवसभराची कार्यशाळा होती. विषय : मुलांचं मानसिक आरोग्य आणि फॅमिली डॉक्टर. गेलो सर्टिफिकेटसाठी, खोटं कशाला लिहू. पण आलो तो बदलून आलो. व्याख्यात्या मॅडम म्हणाल्या, मूल मानसोपचारवाल्यांकडे पोचेपर्यंत वर्षं जातात, पण फॅमिली डॉक्टरकडे ते सर्दीसाठी दर महिन्याला येतं. पोट दुखतं म्हणून आणलेल्या मुलाचं कधी कधी भलतंच काही दुखत असतं. ते सगळ्यात आधी दिसायला हवं आपल्याला. टाळ्या. सगळ्यात जोरात माझ्या.

एकवीस वर्षं डोंबिवलीत प्रॅक्टिस. अर्ध्या डोंबिवली पूर्वेची मुलं या हाताखालून गेली. म्हणजे मी हे काम करतच होतो, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

जेवणाच्या रांगेत कल्याणचा एक डॉक्टर मध्ये घुसला. त्याला माझं कोपर लागलं. आमटी त्याच्या शर्टावर. फार चिडला. लोकांना राग आवरत नाही, हाच मुळात प्रॉब्लेम आहे.

संकल्प : दर बुधवारी अकरा ते एक बालमन विभाग. आवाज चढवायचा नाही. हात उगारायचा नाही. उद्यापासून.

९ जून, सोमवार.

बोर्ड करायला टाकला. 'डॉ. अनिमेष' मोठ्या अक्षरात, 'बालमन' त्याखाली.

कलावतीबाईंना योजना सांगितली. सतरा वर्षं माझ्याकडे कंपाउंडर आहेत. नंबर लावतात, पुड्या बांधतात, पोरं धरतात. म्हणाल्या, "डॉक्टर, पोरं जिन्यातच रडायला लागतात. तुमचा आवाज आला की." मी म्हटलं, तेच तर! रडणं म्हणजे मन मोकळं होणं. ते आपल्याकडे जिन्यापासूनच सुरू होतं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

प्रिंटरमध्ये कागद अडकला. दोन ठेवून दिल्या. आता कागद येतो, पण तिरका.

११ जून, बुधवार.

पहिला दिवस. मनाचं कोणी आलं नाही. कानाचा एक आला. तोंड उघडेना म्हणून आईने त्याला थोबाडीत दिली. मी तिला दहा मिनिटं समजावलं की मारल्याने मुलाचा विश्वास कायमचा मोडतो. मुद्दा पटावा म्हणून टेबलावर मूठ आपटली. टेबलाची काच तडकली. मायलेक दोघंही रडले. पहिलं ग्रुप सेशन, म्हणायला हरकत नाही.

१७ जून, मंगळवार.

पलीकडच्या गल्लीतल्या शाळेने यंदापासून मला शाळेचा डॉक्टर नेमलंय. दर मंगळवारी सकाळी आठ ते दहा. आज पहिली तपासणी. मुलांची रांग इतकी चिडीचूप की मुख्याध्यापिका कल्पिता मॅडम म्हणाल्या, ही पोरं इतकी शांत मी कधी पाहिली नाहीत. आदर असतो. तो मागून मिळत नाही.

तिसरीच्या रांगेत एक मुलगी ओकली आणि वर्गात पळाली. बाहेरचं खाणं.

१८ जून, बुधवार. दुपारी २.

पहिली केस!

करिश्मा गायकर. आठ वर्षं, तिसरी. आजी घेऊन आली, सखुबाई. इथली जुनी माणसं. पूर्वी शेती, मिठागर, आता चार खोल्या भाड्याने दिल्यात. सगळं घर माझंच पेशंट. मुलीची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी खडवलीला माहेरी. बाप नाथा बस चालवतो. तक्रार : काल शाळेत पोट दुखलं, उलटी झाली. (म्हणजे कालची ती हीच.) सखुबाई म्हणाल्या, "तुमचे हाताला गुन हाय म्हनून आनली. ती येत नव्हती. दारापासून वढत आनली."

ओढत आणली! घरातली हिंसा पहिल्याच वाक्यात सापडली.

मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मुलीच्या उंचीला वाकलो, हसलो, आणि प्रेमाने गाल धरला. चावली. उजवी तर्जनी, हाडापर्यंत. मी शांत राहिलो. कलावतीबाई म्हणतात, तुमची बोंब खालच्या मेडिकलवाल्याने ऐकली. ती बोंब नव्हती, प्रतिक्रिया होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतःच घेतलं. सुई बघून मुलगी टेबलाखाली गेली आणि तिथून तिने माझ्या नडगीवर लाथ मारली.

महत्त्वाचं निरीक्षण : हनुवटीखाली जुना व्रण. तीन टाके, तिन्ही तीन दिशांना. कुठल्या कसायाने शिवलंय देव जाणे. असल्यांची डिग्री काढून घेतली पाहिजे. आजीला विचारलं, हे कसं लागलं? ती माझ्याकडे बघत राहिली. मग कलावतीबाईंकडे. मग खाली. काहीतरी लपवतायत.

२५ जून, बुधवार.

करिश्मा, दुसरी भेट. काल पुन्हा पोट. शाळेत गेलीच नाही.

प्रश्नावली भरायला घेतली. 'मूल रागावतं का?' याच्यावर पेन टेकवलं आणि पेपरवेट आला. काचेचा. माझ्या चष्म्याची डावी बाजू गेली, भुवईवर टेंगूळ. उत्तर : हो.

आजी म्हणते घरी अजिबात असं करत नाही. घरी मांजरीला गोष्टी सांगत बसते, शेजारच्या पोरांचा अभ्यास घेते. म्हणजे घरी दाबून ठेवते आणि माझ्याकडे सुरक्षित वाटतं म्हणून बाहेर काढते. पुस्तकात असंच असतं. मला भरून आलं. (डोळ्यातून पाणी येत होतं ते भुवईमुळे.)

कलावतीबाई म्हणाल्या, "तिला बाहेर बाकावर बसवून मी बोलू का जरा?" मी म्हटलं, बाई, हे शास्त्र आहे. तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का? पुड्या बांधायला गेल्या. थोडं तुटक बोललो असेन. पण एक डोळा बंद होता.

२ जुलै, बुधवार. दुपारी १.३०.

सापडलं!!

काल तिसरीच्या रांगेत नव्हती, परत पोट. सतरा, चोवीस, एक. तिन्ही मंगळवार! बाकीच्या दिवशी मुलगी उड्या मारत शाळेत जाते. मंगळवारी असं काय असतं? रात्रभर या एका प्रश्नाने डोकं पोखरलं. आज आजीला उलटसुलट विचारलं आणि बाहेर आलं : नाथाची आठवड्याची सुट्टी मंगळवारी.

बाप मंगळवारी घरी. मंगळवारी पोट दुखतं. हनुवटीवर व्रण. आणखी काय पुरावा पाहिजे?

आज मुलगी फक्त थुंकली. प्रगती आहे.

४ जुलै, शुक्रवार.

नाथाला बोलावलं. ड्युटीवरून खाकी कपड्यातच आला. बारीक माणूस. चपला दाराबाहेर काढल्या. मॅडमनी शिकवलं होतं, बोलणं मोकळ्या प्रश्नाने सुरू करावं. मी विचारलं, "कधीपासून मारतोस पोरीला?"

"मी? नाय वो डॉक्टर."

"मग हनुवटीवर काय आहे?"

"ती खून तर... डॉक्टर, ती तर तुमी..."

मी तिथेच थांबवलं. तुम्ही-आम्ही नको, सरळ बोल, म्हटलं. ही माणसं खुणेला खून म्हणतात हे मला माहीत आहे. तरी तोच शब्द तोंडात आला, याला मानसशास्त्रात अर्थ असतो.

तो पुन्हा तेच सुरू करायला लागला, "चार वर्सांमागं गनपतीत..." बहाणे ऐकून घ्यायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. उठलो. माझा हात त्याच्या कॉलरला लागला. खुर्ची पडली. तो भिंतीला लागला. कॅलेंडर खाली आलं. मी म्हटलं, पोरीला पुन्हा हात लावलास तर हाडं मोडून हातात देईन. त्याने हात वर केला नाही. खाली पडलेलं शर्टाचं बटण उचललं, खिशात ठेवलं, चपला घातल्या, गेला.

हिंसक माणसं बाहेर फार शांत असतात.

कलावतीबाई दारात उभ्या. "डॉक्टर, तुम्हाला खरंच आठवत नाही?" काय आठवायचं? आज डोकं दुखतंय, उद्या सांगा म्हटलं.

७ जुलै, सोमवार.

संचिताने (बायकोने) नाश्त्याला विचारलं, बाथरूममध्ये कोणावर ओरडत होतास? मी नाथा गायकरला उद्देशून सराव करत होतो. बँकेत काम करणाऱ्या बाईला समुपदेशनातलं काय कळणार. टीव्हीचा रिमोट भिंतीला लागला. सेल सापडत नाहीत.

८ जुलै, मंगळवार.

शाळा. करिश्मा गैरहजर, अपेक्षेप्रमाणे. कल्पिता मॅडमना बंद खोलीत सगळं सांगितलं. बाप मारतो, कळवा बालसंरक्षणवाल्यांना. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, ती वर्गात सगळ्यात छान वाचते हो. परवा तिने दोन भांडणं सोडवली. फक्त मंगळवारीच येत नाही. मंगळवारी तर तुम्ही येता.

म्हटलं हो, मला तोच दिवस जमतो.

"नाही, म्हणजे मला म्हणायचं होतं की..." त्या अडखळल्या. मी म्हटलं, मॅडम, उद्या त्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर मी पेपरात तुमचं नाव देईन. टेबलावर हात आपटला. शाळेच्या टेबलांना काच नसते, हे बरं आहे. मॅडमनी पत्र लिहिलं. खाली सही माझी.

मला खूप शांत वाटतंय. एक जीव वाचवला.

११ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६.

काल बालसंरक्षणच्या दोन बायका चौकशीला गायकरांच्या घरी गेल्या. आळी गोळा झाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत नाथाने बहिणीकडे राहावं असं ठरलं. तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा मुलगी म्हणे त्याच्या पायाला मिठी मारून बसली होती, सोडवावी लागली. वाईट वाटतं. पण जखम साफ करताना दुखतंच.

आज साडेअकराला सखुबाई आल्या. नंबर न लावता. छत्रीसह. पहिला फटका खांद्यावर. दुसरा कानावर. तिसरा नेमका त्या जुन्या टेंगळावर. "माझे नाथानी कदी मुंगी पन मारली नाय! तुना त्याला पोरीपासून तोरला!" चौथा फटका कलावतीबाईंनी अडवला, पण फारच सावकाश अडवला. वेटिंगमधले पेशंट उठून उभे राहिले. मदतीला नव्हे, नीट दिसावं म्हणून.

मी छत्री हिसकावली आणि गुडघ्यावर मोडली. आजी मोडक्या छत्रीकडे बघून रडायला लागली. बाहेर पाऊस धो धो. कलावतीबाईंनी तिला स्वतःची छत्री दिली आणि संध्याकाळी भिजत घरी गेल्या.

नोंद : हिंसा या कुटुंबात तीन पिढ्यांची आहे. लेख लिहावा का?

१५ जुलै, मंगळवार. सकाळी ७.

आज करिश्मा शाळेत येणार. चौकशीवाल्या बायकांनी रोज हजेरी बंधनकारक केलीय. बाप घरात नाही, म्हणजे आज पोट दुखायला नको. सगळं सिद्ध होण्याचा दिवस. चॉकलेट घेतलंय. काही झालं तरी आवाज चढवणार नाही.

१५ जुलै. सकाळी ११.४०.

पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. राग. दुसरं काही नाही.

घडलं ते क्रमाने लिहितो. तळमजल्याची तपासणीची खोली. तिसरीची रांग. मला बघताच ती मागे फिरली. पोट धरलं होतं. मी शिपाई शांताबाईंना म्हटलं, दार धरा. मुलीचं मनगट पकडलं, हळूच. "घाबरू नकोस," म्हटलं. ती किंचाळत होती, त्यामुळे तेही ओरडूनच म्हणावं लागलं. "घाबरू नकोस म्हणतो ना!" ती चावली. तेच बोट. माझा हात सुटला. ती शांताबाईंच्या काखेखालून बाहेर. खिचडीचा टेंपो आत येत होता म्हणून गेट उघडं. मी मागे. थांब, थांब, थांब. ती वळून वळून मी किती जवळ आलोय ते बघत होती, म्हणून तिला रिक्षा दिसली नाही. रस्त्यावर पुढे बघून पळावं, हे शाळेत शिकवत नाहीत.

फार जोरात नाही लागली. पण पडली. हात अंगाखाली आला. कपाळातून रक्त.

मी परिस्थिती हाताळली. रिक्षावाल्याला ओढून बाहेर काढलं आणि दोन तोंडावर दिल्या. त्याचं नाक फुटलं. मग आणखी चार माणसं आली आणि त्यांनीही दिल्या. तो नाक धरून सारखा म्हणत होता, "साहेब, आधी पोरीला बघा." मला सांगतो! डॉक्टरला!

मी बघायला वळलो तर कल्पिता मॅडम तिला उचलून त्याच्याच रिक्षात बसत होत्या. तो तशा रक्ताळलेल्या तोंडाने रिक्षा घेऊन गेला. मी रस्त्यात. शर्टाचा खिसा फाटलेला. चॉकलेट चिखलात.

१५ जुलै. संध्याकाळी ५.३०.

हॉस्पिटल. डावं मनगट फ्रॅक्चर. कपाळाला टाके. जिवाला धोका नाही.

मी पोचलो तेव्हा टाके घालायला घेतले होते. तिशीची पण नसेल अशी एक डॉक्टर. तिने आधी कापसाने काहीतरी लावलं आणि वीस मिनिटं थांबली. वीस मिनिटं! मुलीला विचारत बसली, मांजरीचं नाव काय, तिला पिल्लं किती. मग बारीक सुईने भूल. दुखेल, मुंगी चावल्यासारखं, एवढं म्हणाली. मुलगी पिल्लांची नावं सांगत होती. कोणी धरलं नव्हतं. हात नाही, पाय नाही. मी दाराच्या काचेतून बघत होतो. रडली नाही. चावली नाही.

मग तिची नजर दाराकडे गेली आणि ती किंचाळली.

मी बाजूला झालो. गप्प झाली. चुकून असेल, म्हणून परत डोकावलो. किंचाळली. बाजूला झालो. गप्प. तिसऱ्यांदा डोकावलो. शास्त्रात तीनदा बघावं लागतं.

ती तरुण डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, काका, तुम्ही जे कोणी असाल, प्लीज खाली जाऊन थांबा.

खाली बाकावर कलावतीबाई होत्या. दवाखाना बंद करून आलेल्या. न विचारता सांगायला लागल्या. आवाज अगदी साधा, नंबर पुकारावा तसा.

"गणपतीचे दिवस होते. चार वर्षांची होती ती. ओट्यावरून पडली, हनुवटी फाटली. बाहेर वीस पेशंट होते. तुम्ही म्हणालात, तीनच टाके, भुलीला वेळ नाही. नाथाला हात धरायला लावलेत. तो रडत होता, तुम्ही त्याला शिवी दिलीत. पोर फारच ओरडायला लागली तेव्हा तुम्ही तिच्या तोंडात मारलीत. मग ती गप्प झाली. एकदम गप्प." दवाखान्याची किल्ली पिशवीत टाकली. "पाय मी धरले होते."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला कशाला आठवेल."

१५ जुलै. संध्याकाळी ७.

तीन टाक्यांना भूल कोणीच देत नसे. त्या काळी सगळेच असं करत. त्या काळी म्हणजे चार वर्षांपूर्वी.

टाके तिरके पडले कारण ती हलत होती.

१६ जुलै, बुधवार.

अकरा ते एक बसलो. कोणी नाही.

कलावतीबाई उशिरा आल्या. सकाळी चौकशीवाल्या बायकांना भेटून सगळं सांगून आल्या म्हणे. गणपतीतलंही. स्वतःचं नावही सांगितलं, पाय धरल्याचं. नाथा दुपारी घरी परतला. मला आधी विचारायला हवं होतं. ओरडण्यासाठी तोंड उघडलं. त्या औषधाच्या कपाटाला टेकून उभ्या होत्या, वाट बघत असल्यासारख्या. ओरडलो नाही. कारण घसा बसलाय.

संध्याकाळी माफीचा मसुदा लिहिला. मुद्दे सहा. पहिला : झालं ते झालं. दुसरा : मलाही दोनदा चावा बसला आहे. तिसऱ्यापर्यंत वाचून संचिता म्हणाली, हे घेऊन तू त्यांच्या दारात गेलास तर मी इथून आईकडे जाईन. मसुदा फाडला. मीच फाडला, तिने नव्हे. तिने फक्त सुरुवात केली.

१९ जुलै, शनिवार. दुपारी ४.

गायकरांकडे जाऊन आलो. मसुदा नाही. नवी छत्री आणि मऊ मांजर, कापडाचं.

मनात पक्कं केलं होतं. नाथा मारेल. मारू दे. एक कॉलरसाठी, एक भिंतीसाठी, वर चार. मी हात बांधून उभा राहीन. मग हिशोब मिटेल, मग चहा वगैरे. डोंबिवलीत असंच मिटतं. वाटेत चष्मा काढून खिशात ठेवला.

त्याने दार उघडलं. मी गाल पुढे केला. खरंच केला. मी म्हटलं, "मार."

तो म्हणाला, "हळू बोला डॉक्टर. पोरगी आताच झोपलीय. आत नका येऊ."

आणि दार लावलं. आपटलं नाही. कडी पण हळूच लावली.

त्यापेक्षा छत्री बरी होती.

वस्तू ओट्यावर ठेवून परत फिरलो. कोपऱ्यावरून वळून बघितलं. सखुबाई बाहेर आल्या, मांजर उचलून आत नेलं. छत्री तिथेच.

२२ जुलै, मंगळवार.

शाळेचं पत्र. शाळेच्या डॉक्टरपदावरून मुक्त. आभार, एक ओळ. कल्पिता मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, करिश्मा आली आहे. प्लॅस्टरवर वर्गातल्या मुलांनी नावं लिहिलीत. पोट? नाही, नाही दुखलं. आज मंगळवार आहे ना, म्हणून मुद्दाम विचारलं मी तिला.

मी फोन ठेवला. कशावरही आपटला नाही.

रिक्षावाल्याकडेही जायला हवं. नाव माहीत नाही. तीन रिक्षांत नाक बघितलं.

२३ जुलै, बुधवार.

बोर्ड काढायला स्टूल घेतलं. कलावतीबाई म्हणाल्या, राहू दे. मी म्हटलं, कशाला? म्हणाल्या, त्यावरचं नाव तेवढं झाका. बुधवारी अकरा ते एक मी बाहेरच्या बाकावर बसते. ठाण्याच्या मॅडमचा नंबर घेतलाय, फोनवर बोलणं झालंय. माझ्या आवाक्याबाहेरचं असेल ते त्यांच्याकडे पाठवायचं, त्यांनी कसं विचारायचं तेही सांगितलंय.

मी म्हटलं, आणि मी काय करायचं?

"तुम्ही आत बसायचं. दार लावून."

एकवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. कामावरून काढून टाकीन म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं. आणि पुड्या बांधत राहिल्या. पाच मिनिटांनी मी विचारलं, पंखा चालू ठेवला तर चालेल ना? त्यांनी विचार केला. म्हणाल्या, आवाज करतो तो.

३० जुलै, बुधवार. दुपारी १.१५.

अकराला आत बसलो. दार लावलं. पंखा बंद. घाम. दहा मिनिटांत झोप लागेल असं वाटलं होतं, लागली नाही.

साडेअकराला जिन्यात पावलं. हलकी, एकटीच. रडणं नाही. बाहेर थांबली आणि मुलीचा आवाज आला, "डॉक्टर नाहीयेत ना?"

कलावतीबाई म्हणाल्या, "नाहीत."

मी होतो. गप्प बसलो.

आवाज ओळखीचा. कृतिका, वरच्या मजल्यावरची, सातवीतली. तिला लहानपणापासून मीच बघतो. वर्षभर अ‍ॅसिडिटीची गोळी देतोय. बराच वेळ काहीच बोलली नाही. कलावतीबाईही बोलल्या नाहीत, नुसता पुड्यांच्या कागदाचा आवाज. मग ती म्हणाली, शाळेतल्या मुली डब्याला शेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती डबा बाथरूममध्ये टाकून देते. घरी सांगितलं तर बाबा हसले. मग म्हणाली, कधी कधी भिंतीवर डोकं आपटते. तसं केलं की बरं वाटतं. कुठे, असं बाईंनी विचारलं. इथे, केसांच्या आत, दिसत नाही.

वर्षभर मी तिचं पोट दाबून बघतोय. डोक्याला हात लावला नव्हता.

कलावतीबाई ओरडल्या नाहीत, अरे देवा म्हणाल्या नाहीत. आणखी कोणाला माहीत आहे का विचारलं. ठाण्याला एक मॅडम आहेत, आपण दोघी त्यांना फोन लावू या का, आईला आधी मी सांगू की तू, असं काय काय विचारत राहिल्या. मुलगी बोलत होती. वीस मिनिटं, पंचवीस. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. घाम मानेवरून पाठीत चालला होता. मनात आलं, हे माझ्या दवाखान्यात चाललंय. बाक माझं, जिना माझा. हे झाल्यावर बाहेर जाऊन दोघींना शाबासकी द्यावी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा, हलकाच.

सव्वाबाराला मला खोकला आला.

तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. नाही थांबला.

बाहेर एकदम शांतता. मग जिन्यावरून धावत वर जाणारी पावलं.

कलावतीबाई आत आल्या नाहीत.